उघडी राहिलेली नळी – ७ : काळी ज्वारी

देगलूरकडच्या एका आशाताईंनी मला गर्भाची मज्जानळी उघडी राहण्याच्या विषयातल्या माझ्या सर्वांत आवडत्या कोपऱ्यात नेऊन सोडलं आहे. त्या विचारतात, "सर, फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीचं कळलं. पण पावसात काळी पडलेली हायब्रीड ज्वारी गरोदर बाईनं खाल्ली तर चालती का?"

उत्तराची सुरुवात टेक्सासपासून करावी लागते. १९९१ साली मेक्सिकोच्या सीमेवरच्या ब्राउन्सव्हिलमध्ये एकाच दवाखान्यात ३६ तासांत तीन बाळं कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा बराचसा भाग नसलेली जन्मली. संशय आधी सीमेपलीकडच्या कारखान्यांवर गेला. पुढे लक्ष गेलं घोड्यांकडे. त्याच सुमारास टेक्सासात बुरशी लागलेला मका खाऊन घोडे मेंदूच्या आजारानं मेले होते, आणि सीमेवरच्या घरांत मक्याची टॉर्टिया आपल्या भाकरीसारखी रोजची. २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात, टॉर्टियातून बुरशीचं विष मध्यम प्रमाणात पोटात गेलेल्या बायकांमध्ये बाळाची नळी उघडी राहण्याचा धोका वाढलेला दिसला. सर्वांत जास्त विष गेलेल्या गटात तो दिसला नाही. तिथं गर्भच टिकले नसावेत, असा संशोधकांचा तर्क.

या विषाचं नाव फ्युमोनिसिन. फ्युजेरियम नावाची बुरशी ते तयार करते. हे विष पेशीच्या आवरणातले काही स्निग्ध पदार्थ बनू देत नाही, आणि फोलेट (गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप) आत ओढून घेणारी दारं नेमकी त्याच थरात बसलेली असतात. थर विस्कटला की रक्तात फोलेट असूनही पेशी उपाशी राहते. गर्भ राहिल्यानंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसाआधी असं झालं तर मेंदू आणि मज्जारज्जू घडवणारी नळी मिटायची राहू शकते. गाभण उंदरांना हे विष दिलं तेव्हा पिल्लांची नळी उघडी राहिली.

आता आपली ज्वारी. १९९५ मध्ये अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन तेव्हाच्या आंध्रात आणि कर्नाटकात, दख्खनच्या पठारावरच्या गावांत, लोकांना पोटदुखी आणि हगवण लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या रमेश भट आणि सहकाऱ्यांनी त्या धान्यात फ्युमोनिसिन दाखवून दिलं. नांदेड-लातूरची शीव तेव्हा याच दोन राज्यांना लागलेली होती. नळी उघडी राहून बाळाच्या पाठीवर येणाऱ्या गाठीचा आणि ज्वारीचा संबंध यातून सिद्ध होत नाही, आणि मक्यापेक्षा ज्वारीत हे विष कमी बनतं, हेही स्पष्ट सांगतो.

भिजलेलं कणीस हातात घेऊन नीट पाहा. चकचकीत काळी बुरशी दिसते ती बहुधा कर्व्ह्युलारिया. फ्युजेरियमची छटा पांढरट-गुलाबी असते, आणि काळ्याच्या नादात तीच नजरेतून सुटते. तव्यावर भाकरी कितीही खरपूस भाजली तरी विष पुरतं जात नाही.

तेव्हा ताई, ज्या घरात नवी सून आहे तिथं पाळी चुकायची वाट न पाहता ही ज्वारी बंद करायला सांगा. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत पिकते, ती चांगली. नाहीतर रेशनचे गहू-तांदूळ. दुसरं काहीच नसेल तर हलके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे सुपात पाखडून, निवडून बाजूला काढायचे. ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून हवीच. आधीच्या बाळाची नळी उघडी राहिली असेल तर डॉक्टर त्याच्या दहापट मात्रा देतात. आणि माळेगावच्या यात्रेसाठी कुणी दारात घोडा बांधला असेल, तर निवडून काढलेले ते दाणे त्याच्या तोबऱ्यात पडू देऊ नका.