पट्टा घसरतो तेव्हा

सोयाबीन, ज्वारी वा हरभरा खळ्यावर आला की मळणी यंत्राला उसंत नसते. नेमक्या अशा वेळी यंत्राचा पट्टा घसरू लागतो. करकर आवाज येतो, वेग मंदावतो आणि दाणा नीट निघत नाही. काम अडू नये म्हणून पट्ट्याला राळ किंवा बाजारात मिळणारे ‘बेल्ट ड्रेसिंग’ लावले जाते. हा उपाय कोठे योग्य व कोठे घातक, हे पट्ट्याच्या प्रकारावर अवलंबून आहे.

जुन्या इंजिनांवरील सपाट पट्टा चामड्याचा किंवा कॅनव्हासचा असतो. पुलीच्या पृष्ठभागाशी होणारे घर्षण हाच त्याचा आधार. चामडे कोरडे पडून ताठर झाले की पकड सुटते. अशा वेळी स्वच्छ पट्ट्याला बेताने लावलेले योग्य ड्रेसिंग चामडे मऊ राखते. नुसत्या राळेने मात्र तात्पुरतीच पकड येते. पुढे तिचा थर कडक व गुळगुळीत होऊन पट्टा पुन्हा घसरतो.

आजच्या बहुतेक मळणी यंत्रांवर रबराचे व्ही-पट्टे असतात. हा पट्टा पुलीच्या खोबणीत पाचरीसारखा रुततो आणि दोन्ही तिरप्या बाजूंनी पकड घेतो. त्याला चिकटपणाची गरज नसते. उलट, चिकट थरावर धूळ व भुसा साचतो, पट्टा लवकर झिजतो आणि मुख्य म्हणजे खरा दोष झाकला जातो.

तो दोष बहुधा चारांपैकी एक असतो : पट्टा ढिला असणे, पुल्या एका रेषेत नसणे, खोबणी झिजणे किंवा पट्ट्यावर तेल सांडणे. खोबणीचा तळ चकाकत असेल, तर पट्टा तळाला टेकत आहे, म्हणजे पट्टा वा पुली झिजली आहे, असे समजावे. ताण तपासताना पट्टा मध्यभागी बोटाने दाबावा. दोन पुल्यांमधील सुट्या पट्ट्याची लांबी एक मीटर असल्यास तो साधारण १६ मिलिमीटर दबावा. ताण फाजील झाल्यास बेअरिंगवर भार येतो. तेलकट पट्टा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवावा. त्यासाठी पेट्रोल वा रॉकेल वापरू नये. एका पुलीवर अनेक पट्टे असल्यास ते एकाच वेळी बदलावेत, अन्यथा नव्या पट्ट्यावर सारा भार पडतो.

ही सर्व कामे इंजिन बंद करून, यंत्र पूर्ण थांबल्यावरच करावयाची आहेत. चालत्या पट्ट्याला हाताने राळ लावताना बाही, धोतराचा सोगा वा पदर पुलीत ओढला जाण्यास क्षणही पुरेसा असतो. मळणी यंत्रांवर हात गमावणाऱ्या शेतमजुरांची दखल घेऊन संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संमत केला. त्यात जखमींना भरपाई देण्याची तरतूद आहे. तथापि भरपाईने गेलेला हात परत येत नाही. म्हणून हंगामापूर्वीच ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील यंत्रमालकांना एकत्र बोलावून प्रत्येक पट्ट्यावर जाळीचे आवरण बसले आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.