‘पाव’ : एक रूप, तीन शब्द

प्रस्तावना :
लालबागच्या बाजारात पाव किलो चिवडा मिळतो, दादरच्या गाडीवर वड्याबरोबर पाव मिळतो आणि भाविकांना देव पावतो. हे एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत की तीन भिन्न शब्द, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
‘चौथा हिस्सा’ या अर्थाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासून प्राकृतमार्गे आला. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा भाग, ही त्यामागील कल्पना होय. ‘सव्वा’ (सपाद) व ‘पाऊण’ (पादोन) ही त्याच कुळातील रूपे. लॅटिन ‘पेस’ आणि इंग्रजी ‘फूट’ हेही ‘पाद’चे सगोत्र शब्द आहेत. ‘पावणे’ या क्रियापदाचे मूळ मात्र ‘प्र + आप्’ म्हणजे प्राप्त होणे हे आहे.

खाद्यवाचक ‘पाव’ समुद्रमार्गे आला. १५३४च्या तहाने वसई व मुंबई बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १६६१च्या विवाह-तहाने मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ त्या कालखंडाचे स्मरण देते. ‘बटाटा’, ‘पगार’, ‘चावी’ यांप्रमाणेच ‘पाव’ही पोर्तुगीजांची देणगी होय. मूळ लॅटिन ‘पानिस’पासून स्पॅनिश ‘पान’, इटालियन ‘पाने’ व फ्रेंच ‘पँ’ हे शब्द झाले. या फ्रेंच शब्दाचे रोमन लेखन इंग्रजीतील वेदनावाचक ‘पेन’सारखेच आहे, तथापि त्या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन ‘पोएना’ (दंड) हे आहे. रूपसाम्य फसवे असते, ते असे.

‘पावरोटी म्हणजे पाव हिश्शाची रोटी’ किंवा ‘पायांनी मळलेली ती पावरोटी’ या लोकव्युत्पत्ती याच साम्यातून निर्माण झाल्या. वस्तुतः ‘पावरोटी’त परकीय शब्दाला देशी प्रतिशब्द जोडलेला आहे. व्याकरणही हा भेद दाखवते. परिमाणवाचक ‘पाव’ ‘किलो’, ‘तास’ यांपूर्वी अविकारी राहतो. खाद्यवाचक ‘पाव’ पुल्लिंगी नाम असून ‘पावाला’, ‘पावाचा’ अशी रूपे घेतो. तिसरा तर धातूच आहे.

निष्कर्ष :
‘पाव’ ही अनेकार्थता नसून समरूपता आहे. दोन शब्द वारशाने आले, एक संपर्काने. म्हणून कोशात त्यांना स्वतंत्र नोंदी हव्यात. व्युत्पत्ती शिकवताना केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणे युक्त नाही. अर्थ, व्याकरण व इतिहास या तिन्हींची साक्ष जुळली, तरच शब्दांचे नाते सिद्ध होते.