कॅनडातील संघीय व प्रांतिक कारागृहव्यवस्था

कॅनडात फौजदारी कायदा सर्व देशास एकच असून तो करण्याचा अधिकार संघीय संसदेस आहे. परंतु त्या कायद्यान्वये शिक्षा झालेल्या प्रौढ अपराध्यास बंदिवास कोठे भोगावा लागेल, हे शिक्षेच्या मुदतीवर ठरते. शिक्षा दोन वर्षांची अथवा अधिक असल्यास तो संघीय कारागृहात जातो. एक दिवसही कमी असल्यास प्रांताच्या स्वाधीन होतो. या एका दिवसाने काय पालटते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१८६७ च्या घटनाकायद्याच्या ९१ व्या कलमाने ‘पेनिटेन्शरी’ संघाकडे, तर ९२ व्या कलमाने इतर तुरुंग व सुधारगृहे प्रांतांकडे सोपविली. दोन वर्षांची सीमा मात्र घटनेत नाही. ती फौजदारी संहितेत आहे. भारतीय संविधानाने ‘तुरुंग’ हा विषय राज्यसूचीत घातल्यामुळे आपल्याकडे अशी विभागणी उद्भवत नाही.

संघीय बंद्यांच्या सुटकेचे नियमन १९९२ चा कायदा करतो. दोन-तृतीयांश शिक्षा संपल्यावर मुदतबंद शिक्षेच्या बहुतेक बंद्यांस बाहेर सोडले जाते. तथापि उरलेला काळ त्यांना देखरेखीखालीच काढावा लागतो. प्रांतिक बंद्यास सद्वर्तनाने सुमारे एक-तृतीयांश सूट मिळविता येते आणि तिच्यामुळे सुटल्यावर, न्यायालयाने प्रोबेशन जोडले नसल्यास, त्याच्यावर देखरेख राहत नाही. म्हणजे सौम्य शिक्षेनंतर मोकळीक अधिक, पण आधार कमी. ओंटारियो, क्वेबेक व आल्बर्टा या प्रांतांची स्वतःची पॅरोल मंडळे आहेत. अन्यत्र प्रांतिक बंद्यांचे अर्जही संघीय मंडळच पाहते.

प्रांतांवरील खरा भार मात्र निराळाच आहे. खटला चालू असलेले कच्चे कैदी त्यांच्याच तुरुंगांत असतात आणि या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्यांची संख्या शिक्षा भोगणाऱ्यांहून अधिक झाली आहे. ज्यांचा अपराध सिद्ध झालेला नाही, त्यांच्यावर सुधारणेचे कार्यक्रम लादता येत नाहीत. आणि अल्पमुदतीच्या वास्तव्यात शिक्षण वा व्यसनमुक्तीचा उपक्रम तडीस जात नाही. शिवाय खटल्यापूर्वीच्या कैदेबद्दल न्यायालय दर दिवसामागे दीड दिवसापर्यंत वजावट देऊ शकते. त्यामुळे गंभीर अपराधीही कित्येकदा दोन वर्षांच्या सीमेखाली येऊन प्रांतिक तुरुंगात राहतो.

सारांश, ही सीमा अपराध्याच्या गरजेवर नव्हे, तर केवळ मुदतीवर आखलेली आहे. १९३८ मध्ये आर्शाम्बो आयोगाने सर्व तुरुंग संघाच्या ताब्यात घ्यावेत अशी शिफारस केली होती; ती अमलात आली नाही. संघराज्यात अधिकारांची वाटणी अपरिहार्य होय. परंतु त्या वाटणीची किंमत अखेर बंद्यास मोजावी लागते, हे अभ्यासकांनी दृष्टीआड करता कामा नये.