हेडफोनचा आवाज वाढविण्यापूर्वी

घरच्यांना त्रास नको म्हणून आपण हेडफोन लावून नाट्यगीते ऐकता आणि शब्द अस्पष्ट वाटले की आवाज वाढविता. येथेच थोडे थांबावे. वयोमानानुसार प्रथम उंच पट्टीचे ध्वनी, म्हणजे ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने, नीट ऐकू येईनाशी होतात. आवाज वाढवून ती फारशी स्पष्ट होत नाहीत. मात्र अंतर्कर्णातील केशपेशींवर ताण पडतो. नष्ट झालेल्या या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तास आहे. ९० डेसिबलला ती अवघी ४ तास उरते.

म्हणून आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली ठेवावा. बाहेरचा गोंगाट अडविणारे हेडफोन निवडावेत आणि अधूनमधून कानांना विश्रांती द्यावी. ऐकून झाल्यावर कानात गुणगुण होत असल्यास ती धोक्याची सूचना समजावी.

घरातील ज्येष्ठ वारंवार आवाज वाढवू लागले, तर त्यांच्यावर चिडू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. कधी नुसता साचलेला मळ निघतो, तर कधी श्रवणयंत्राची गरज वेळीच ध्यानात येते.