छोट्या प्लॉटवर घर बांधताना परवानगी लागते का?

घरकुल मंजूर झाले, पण नकाशा मंजूर नाही म्हणून काम अडले, अशी वेळ अनेक लाभार्थ्यांवर येते. महाराष्ट्रात छोट्या प्लॉटसाठी ही प्रक्रिया सोपी झाली आहे. राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. त्यातील मुख्य तरतुदी अशा आहेत.

तुमचा प्लॉट किती मोठा आहे?

• १५० चौरस मीटरपर्यंत (सुमारे १,६०० चौरस फूट): मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. कागदपत्रे देऊन शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजली जाते.
• १५० ते ३०० चौरस मीटर: परवानगी १० दिवसांत देण्याची तरतूद आहे.
• ३०० चौरस मीटरपेक्षा जास्त: नेहमीप्रमाणे अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते.

लक्षात ठेवा, हे माप प्लॉटचे आहे, घराचे नाही. घर लहान असले तरी प्लॉट मोठा असेल, तर मोठ्या प्लॉटचा नियम लागतो.

कोणती कागदपत्रे द्यावी लागतात?

१. जागेच्या मालकीचा पुरावा
२. जागेचा नकाशा
३. घराचा आराखडा
४. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद यांचे प्रमाणपत्र

शहरात ही कागदपत्रे महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे द्या.

मग कसेही बांधले तरी चालते का?

नाही. सवलत मंजुरीसाठी थांबण्यातून आहे, नियमांतून नाही. चारही बाजूंना सोडायची जागा, इमारतीची उंची, रस्त्यासाठी किंवा इतर कामासाठी असलेले आरक्षण आणि नदीची पूररेषा पाहूनच आराखडा करावा लागतो. नियम मोडून केलेले बांधकाम अनधिकृत ठरते. त्यावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नोटीस येऊ शकते. म्हणून पाया खणण्यापूर्वीच अभियंत्याकडून जागा तपासून घ्या.

घराच्या दुरुस्तीचे काय?

रंगकाम, गिलावा, फरशी बदलणे, कौले फेरणे अशा किरकोळ कामांना बांधकाम परवानगी लागत नाही. नवी खोली, वरचा मजला किंवा खांब, तुळई, भार पेलणारी भिंत यांत बदल करायचा असेल, तर आधी कार्यालयात विचारा.

हे नियम सगळीकडे आहेत का?

नाही. मुंबई महानगरपालिका, एमआयडीसी आणि गिरिस्थान नगरपरिषदा यांच्या क्षेत्रांत ही नियमावली लागू नाही. इतर राज्यांचे नियमही वेगळे आहेत. उदाहरणार्थ, तेलंगणातील शहरांत ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या प्लॉटवर तळमजला किंवा त्यावर एक मजला बांधायला परवानगी लागत नाही. १ रुपया भरून ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

पावती आणि आराखड्याची शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. पुढे कर्ज घेताना, घर वाढवताना किंवा कोणी तक्रार केल्यास हाच तुमचा पुरावा असतो.