किलोभर चुनखडी आणि तेवढाच दाब

बंद भांड्यात चुनखडी ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तर आतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब किती होईल? साधारण ०.२२ वातावरण. चुनखडी शंभर ग्रॅम घेतली काय नि किलोभर घेतली काय, आकडा तोच. हा दाब फक्त तापमानावर ठरतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी दब्रे यांनी १८६७ साली प्रयोगाने दाखवले.

कारण मोठे सुंदर आहे. चुनखडी वाढवली की वायू सोडणारा पृष्ठभाग वाढतो, पण वायू परत शोषला जाण्याची जागाही तेवढीच वाढते. म्हणून समतोल स्थिरांकाच्या सूत्रात चुनखडी आणि विघटनानंतर उरणारा कळीचा चुना हे दोन्ही घन पदार्थ येतच नाहीत. उरतो तो वायूचा दाब. म्हणजे स्थिरांक हाच दाब!

विद्यार्थी नेमके इथेच फसतात. घन पदार्थ सूत्रात नसला, तरी भांड्यात असावाच लागतो. दहा लिटरच्या भांड्यात ०.२२ वातावरण दाब व्हायला सुमारे अडीच ग्रॅम चुनखडीचे विघटन पुरते. शंभर ग्रॅम टाकली असेल तर बाकीची तशीच राहते. पण दोनच ग्रॅम टाकली, तर ती सगळी संपते, दाब ०.१८ च्या आतच अडकतो आणि समतोल साधतच नाही. त्यामुळे उत्तर लिहिण्याआधी घन पदार्थ शिल्लक राहतो का, हे तपासायलाच हवे.

दोन वायू सुटत असतील तर हिशेब किंचित बदलतो. अमोनियम हायड्रोसल्फाइडपासून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड समसमान निघतात आणि स्थिरांक हा दोघांच्या दाबांचा गुणाकार असतो. २५ अंशांना स्थिरांक ०.११, त्याचे वर्गमूळ ०.३३ हा प्रत्येकाचा दाब, एकूण ०.६६ वातावरण.

चुनखडीचा समतोल दाब ९०० अंशांच्या आसपास एक वातावरण होतो. भट्टीत मात्र समतोल होऊच द्यायचा नसतो. वायू सतत बाहेर ओढला जातो, म्हणून विघटन थांबत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या आसपास सिमेंटच्या भट्ट्यांत हेच चालते. शंभर किलो शुद्ध चुनखडीमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू कोळशाचा नव्हे, दगडातला आहे. इंधन बदलले तरी तो एक किलोनेही कमी होत नाही.