विश्लेषण : कारचे कंपनी-फिटेड स्पीकर स्वतः बदलता येतात का? वॉट, वॉरंटी आणि एअरबॅगचे गणित काय?

डॅशबोर्डवर मोठा टचस्क्रीन, फोन जोडायची सोय, स्टिअरिंगवर आवाजाची बटणे. पण गाणे लावले की आवाज डब्यातून आल्यासारखा. नव्या हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही घेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. कोल्हापूर-पुणे महामार्गावर गाडीने वेग घेतला की टायरच्या घरघरीत उरलासुरला बेसही हरवतो. त्यामुळे अनेक जण ॲक्सेसरीजच्या दुकानात जातात आणि खोक्यावर सर्वांत मोठा वॉटचा आकडा असलेले स्पीकर घेऊन येतात. पैसे जातात, पण आवाज फारसा बदलत नाही. असे का होते आणि हे काम घरच्या घरी नीट कसे करता येते?

कंपनीचे स्पीकर कमी का पडतात?

वाहन कंपनीसाठी स्पीकर हा खर्च आणि वजन वाचवण्याचा भाग असतो. त्यामुळे बहुतेक गाड्यांत कागदी कोन, लहान चुंबक आणि पातळ प्लॅस्टिकची चौकट असलेले स्पीकर येतात. अनेकदा वेगळा ट्वीटर नसतो. त्यामुळे बासरी, झांज, गाण्यातले स्पष्ट शब्द असे वरच्या पट्टीतले आवाज दबतात.

दुसरे कारण दरवाजा. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागच्या बाजूला उलटा दाब तयार होतो. दरवाजाच्या पत्र्यातील भोकांतून आणि फटींतून हा मागचा आवाज पुढच्या आवाजात मिसळला की बेस एकमेकांना मारतो. म्हणून चांगला स्पीकरही पोकळ, थरथरणाऱ्या दरवाजात फिका वाटतो.

खोक्यावरचा ‘३०० वॉट’ खरा असतो का?

तो आकडा खोटा नसला तरी तुमच्या कामाचा नसतो. तो ‘पीक’ म्हणजे क्षणभर सोसता येणाऱ्या शक्तीचा आकडा असतो. स्पीकर स्वतः शक्ती तयार करत नाही, ती म्युझिक सिस्टीमकडून येते.

इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब साधारण १४ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर सिस्टीममधील ॲम्प्लिफायर चिप ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाची जास्तीत जास्त सुमारे २५ वॉट शक्ती देऊ शकते. प्रत्यक्षात १८ ते २० वॉटच्या पुढे आवाज फाटायला लागतो. सिस्टीमवर छापलेला ‘५० वॉट गुणिले ४’ हा आकडा आवाज पूर्ण फाटलेल्या अवस्थेतला असतो. म्हणजे ३०० वॉटचा स्पीकर घेतला तरी त्याला मिळणार आहेत २० वॉटच.

मग खरेदी करताना काय पाहावे?

खोक्याच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचावे.

सेन्सिटिव्हिटी : १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ३ डेसिबल वाढ म्हणजे शक्ती दुप्पट केल्यासारखे. ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॉट दिल्यावर जेवढा आवाज येईल, तेवढा ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये देतो. कंपनीची सिस्टीम कायम ठेवणार असाल तर हाच सर्वांत महत्त्वाचा आकडा.

आरएमएस : सतत सोसता येणारी शक्ती. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर ४० ते ६० वॉट आरएमएस पुरेसे.

इम्पिडन्स : बहुतेक गाड्यांत ४ ओहम. मल्टीमीटरवर असा स्पीकर साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. गाडीत कंपनीनेच वेगळा ॲम्प्लिफायर आणि ब्रँडेड ऑडिओ दिला असेल तर स्पीकर २ ओहमचेही असू शकतात. तिथे मोजल्याशिवाय बदल करू नये. एका वायरवर दोन स्पीकर समांतर जोडले तर इम्पिडन्स निम्मा होतो आणि सिस्टीम तापते.

आकार आणि खोली : पुढच्या दरवाजांत बऱ्याचदा साडेसहा इंची स्पीकर बसतो. पण त्याची खोली जास्त असेल तर खाली येणारी काच चुंबकाला अडते.

कोएक्सियल स्पीकरमध्ये ट्वीटर मधोमध बसवलेला असतो. काढा आणि लावा, एवढेच काम. कंपोनंट सेटमध्ये ट्वीटर व क्रॉसओव्हर वेगळे असतात. आवाज अधिक खुलतो, पण बसवणे कटकटीचे. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी कोएक्सियल घ्यावा. ब्रँडनुसार कोएक्सियल जोडी साधारण दीड ते चार हजार रुपयांत मिळते. कंपोनंट सेट चार हजारांपासून पुढे.

काम कसे करायचे?

प्लॅस्टिकची ट्रिम पट्टी, स्क्रू ड्रायव्हर, १० मिलिमीटरचा सॉकेट आणि मल्टीमीटर एवढे साहित्य लागते. आधी किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि काही मिनिटे थांबावे. त्यानंतर हँडलच्या खाचेतील आणि कडेचे लपलेले स्क्रू काढून डोअर पॅड क्लिपांतून अलगद सोडवावे. ते झटक्याने ओढू नये, मागे काच आणि लॉकचे कपलर जोडलेले असतात.

जुना स्पीकर स्क्रूवर असेल तर सोपे. काही गाड्यांत रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात. अशा वेळी पत्र्याचा कीस दरवाजात राहू देऊ नये, तो गंजतो आणि चुंबकाला चिकटतो. नवा स्पीकर जुन्या भोकांवर बसत नसेल तर मध्ये स्पेसर रिंग लागते. तयार रिंग मिळाली नाही तर कोल्हापूरकरांची सोय उद्यमनगरात आहे. माप दिले की लेथवर प्लॅस्टिकची रिंग करून मिळू शकते. प्लायवूडची रिंग टाळावी, ती ओल धरून फुगते.

गाडीची वायर कापू नये. मॉडेलनुसार कपलर मिळतात. एक टोक कंपनीच्या सॉकेटमध्ये, दुसरे नव्या स्पीकरला. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह चुकले तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि बेस नाहीसा होतो. तपासायचे असेल तर सिस्टीमपासून सुटलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. कोन बाहेर आला तर सेलचे पॉझिटिव्ह टोक ज्या बाजूला, ती पॉझिटिव्ह.

डोअर पॅड लावण्यापूर्वी काच पूर्ण खाली-वर करून पाहावी.

पावसाचा इथे काय संबंध?

काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दरवाजाच्या आत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. दरवाजाची रचनाच तशी असते. डोअर पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. काम करताना तो फाडून तसाच सोडला तर पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचे मॅट भिजते. गगनबावडा, राधानगरी, आंबा घाटाच्या बाजूला ये-जा करणाऱ्यांना हे लगेच कळेल.

दरवाजाची थरथर थांबवण्यासाठी ब्युटाइलचे डॅम्पिंग शीट लावणे फायद्याचे असते. अनेकदा स्पीकरइतकाच फरक त्यामुळे पडतो. पण तळाची छिद्रे झाकू नयेत, नाहीतर पाणी साचून पत्रा सडतो. कागदी कोनाऐवजी पॉलिप्रॉपिलिनचा कोन आपल्या हवेत जास्त टिकतो.

एअरबॅग आणि वॉरंटीचे काय?

खरा धोका इथे आहे. काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारे सेन्सर दरवाजात असतात आणि ते आतल्या हवेच्या दाबातील बदलावर चालतात. दरवाजाला नवे भोक पाडले किंवा पडदा उघडा राहिला तर त्यांच्या कामात अडथळा येऊ शकतो. सहा एअरबॅगच्या गाड्यांत कर्टन एअरबॅग छताच्या कडेला असते आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरमागून तिचा काही भाग जातो. ट्वीटरसाठी त्या कव्हरला ड्रिल मारू नये. पिवळ्या रंगाचे कपलर साधारणपणे एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये. इलेक्ट्रिक गाडीतील नारिंगी केबल तर पूर्ण वर्ज्य.

वायर कापलेली आढळली तर विजेच्या बिघाडावर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. म्हणून कपलर वापरावा, जुने स्पीकर जपून ठेवावेत आणि वॉरंटी पुस्तिकेतील अट आधी वाचावी.

ॲम्प्लिफायर लावला तर?

मग काम घरगुती राहत नाही. २०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात २० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. त्यासाठी बॅटरीपासून थेट जाड वायर आणावी लागते आणि तिच्यावर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज नसलेली वायर पत्र्याला घासून सोलली गेली तर गाडीला आग लागू शकते. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. त्याच मापाचा स्पीकर बदलल्याने हा तपशील बदलत नाही. मात्र आवाज रस्त्यावर सांडला की ध्वनिप्रदूषण नियम, २००० आडवे येतात. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनियंत्रणा वाजवण्यावर निर्बंध आहेत. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सीपीआर रुग्णालयासमोरून जाताना काचा उघड्या ठेवून बेस वाढवणे त्यात बसत नाही.

कानाचेही गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. त्यापुढे आवाज वाढेल तशी सुरक्षित वेळ झपाट्याने घटते. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू यायला हवा.

आधी काय, नंतर काय?

बजेट कमी असेल तर फक्त पुढच्या दोन दरवाजांचे स्पीकर बदलावेत आणि उरलेल्या पैशांत त्याच दरवाजांना डॅम्पिंग करावे. चालकाला ऐकू येणारा बहुतांश आवाज पुढूनच येतो. त्यानंतर महिनाभर ऐकून पाहावे. मागचे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांचा विचार त्यानंतर. अनेकांना त्यांची गरजच पडत नाही.